विजयी रन होऊनही मर्कल आउट कसा?

प्रश्न एका शाळेच्या सॉफ्टबॉल प्रशिक्षकांचा आहे. मुलांना फोर्स आउट शिकवताना ते 1908 सालच्या न्यूयॉर्क जायंट्स विरुद्ध शिकागो कब्ज या बेसबॉल सामन्याची हकीकत सांगतात आणि मुलं दरवेळी तीन ठिकाणी अडतात. तिसऱ्या बेसवरचा रनर होम प्लेटला, म्हणजे जिथे पोहोचल्यावर रन होतो त्या शेवटच्या बेसला, पोहोचला होता, मग रन का धरला नाही? अंपायरने न्यूयॉर्कवर अन्याय केला का? आणि मर्कल नावाच्या त्या पोराला जन्मभर ‘बोनहेड’, म्हणजे मठ्ठ, म्हणून हिणवलं ते बरोबर होतं का?

सर, आधी थेट उत्तर देतो. अंपायर हँक ओ'डे याचा निर्णय नियमाने बरोबर होता. रन न धरणंही बरोबर होतं. मर्कलला जे भोगावं लागलं ते मात्र अजिबात बरोबर नव्हतं, कारण खरा दोष लीग चालवणाऱ्यांचा होता. मी बरीच वर्षं सॉफ्टबॉल आणि बेसबॉलच्या सामन्यांत अंपायरिंग करतो. नवीन अंपायरांच्या वर्गात हा सामना मी आवर्जून घेतो, कारण फोर्स आउट, अंपायरने नजर कुठे ठेवायची आणि गर्दी मैदानात घुसल्यावर काय करायचं, हे तिन्ही विषय त्या एका चेंडूत आले आहेत.

तारीख 23 सप्टेंबर 1908, बुधवार. मैदान मॅनहॅटनमधलं पोलो ग्राउंड्स. अमेरिकेतल्या नॅशनल लीग या बेसबॉल स्पर्धेचा हंगाम संपत आला होता आणि जायंट्स, कब्ज आणि पिट्सबर्ग पायरेट्स हे तिन्ही संघ अगदी अंगाला अंग लावून पळत होते. जायंट्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ख्रिस्ती मॅथ्यूसन. त्या एका हंगामात त्याने 37 सामने जिंकले. कब्जकडून डावखुरा जॅक फीस्टर. त्या काळात रन फार मुश्किलीने व्हायचे. तोच चेंडू मळून काळा पडेपर्यंत वापरला जायचा आणि कुंपणापलीकडे फटका जाणं ही दुर्मीळ गोष्ट होती. पाचव्या इनिंगमध्ये कब्जच्या जो टिंकरने होमरन केला तोसुद्धा चेंडू मैदानात असताना चारही बेस पळून. सहाव्यात माइक डॉनलिनच्या फटक्यावर जायंट्सने बरोबरी साधली. 1-1. मग नववी म्हणजे अखेरची इनिंग, शेवटची बॅटिंग जायंट्सची.

फ्रेड मर्कल तेव्हा 19 वर्षांचा होता. जायंट्सचा नेहमीचा फर्स्ट बेसमन फ्रेड टेनी याची कंबर धरली होती, म्हणून त्या हंगामात पहिल्यांदाच मर्कलला सुरुवातीपासून खेळवलं. हा मुद्दा मुलांना जरूर सांगा. कधीमधी बदली म्हणून उतरणारा पोरगा एकदम विजेतेपद ठरवणाऱ्या सामन्यात उभा होता, आणि त्याने त्या वेळी काम चोख केलं. दोन आउट झालेले (तिसरा झाला की त्या इनिंगमधली बॅटिंग संपते), मूस मॅकॉर्मिक पहिल्या बेसवर. मर्कलने उजव्या बाजूला फटका मारला, मॅकॉर्मिक तिसऱ्या बेसवर पोहोचला आणि स्वतः मर्कल पहिल्या. त्याचा हा फटका नसता तर सामना जायंट्सच्या हाती येण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढचा बॅटर अल ब्रिडवेल. त्याने चेंडू सरळ मधून सेंटर फिल्डला काढला, इतका जोरात की बेसजवळचा अंपायर बॉब एम्सली चेंडू चुकवायला जमिनीवर पडला. मॅकॉर्मिक होम प्लेटवर आला. लोकांच्या लेखी सामना संपला आणि ते कुंपण ओलांडून आत धावले. त्या मैदानाची रीतच होती की सामना संपल्यावर प्रेक्षक मैदान तुडवत बाहेर पडायचे, आणि खेळाडूंच्या खोल्या तर सेंटर फिल्डच्या पलीकडे. त्यामुळे शेवटचा चेंडू झाला की गर्दीत अडकायच्या आत खेळाडू तिकडे पळत सुटायचे. मर्कल दुसऱ्या बेसकडे निघाला होता. अर्ध्या वाटेवर त्याने पाहिलं की रन झाला, गर्दी आली, आणि तो वळून खोलीकडे पळाला.

आता तुमचा पहिला प्रश्न. ब्रिडवेलने चेंडू मारल्यावर पहिला बेस त्याच्यासाठी मोकळा होणं भाग होतं, म्हणजे मर्कलला दुसऱ्या बेसवर जाणं सक्तीचं होतं. त्याने बेसला पाय लावायच्या आत फिल्डरने चेंडू घेऊन त्या बेसला पाय लावला तर मर्कल फोर्स आउट. अंगाला चेंडू लावायचीही गरज नाही. आणि तिसरा आउट फोर्स आउट असेल तर त्या खेळात झालेला रन धरत नाहीत, मग रनर होम प्लेटला दहा सेकंद आधी पोहोचलेला असला तरी. 1908 च्या नियमावलीत हे स्पष्ट लिहिलेलं होतं आणि आजही तो नियम तसाच आहे.

मुलं इथे अडतात कारण त्यांनी दुसरा प्रकार पाहिलेला असतो. समजा मर्कल दुसरा बेस रीतसर ओलांडून तिसऱ्याकडे गेला असता आणि तिथे चेंडू अंगाला लावून आउट झाला असता, तर तो फोर्स नव्हता. तेव्हा फक्त वेळ बघायची: मॅकॉर्मिक आधी पोहोचला की आउट आधी झाला? मॅकॉर्मिक आधी, तर रन पक्का. फोर्समध्ये मात्र वेळ बघायचीच नसते. मुलांना क्रिकेटमधून चटकन कळतं. शेवटच्या चेंडूवर जिंकायला एक धाव हवी आहे. स्ट्रायकर पलीकडच्या क्रीजमध्ये पोहोचला, पण त्याचा जोडीदार अर्ध्यातूनच नाचत पॅव्हेलियनकडे वळला आणि यष्टी उडाली. तो धावबाद आणि ती धाव मिळत नाही. एकाने काम पूर्ण केलं म्हणून दुसऱ्याचं माफ होत नसतं.

नियम इतका सरळ असताना एवढा गदारोळ का झाला? कारण तो कागदावर होता, मैदानात नव्हता. त्या काळी विजयी फटका बसला की बाकीचे रनर जिथे असतील तिथून खोलीकडे पळायचे. अनुभवी, नावाजलेले खेळाडूसुद्धा हेच करत. अंपायर बघून न बघितल्यासारखं करत, विरुद्ध संघ मागणी करत नसे. मर्कलने केलं ते त्याच्याआधी अनेकांनी केलं होतं आणि त्यांना कोणी बोल लावला नव्हता.

ही रीत मोडायचं ठरवलं ते कब्जच्या दुसऱ्या बेसवरच्या जॉनी एव्हर्सने. अंगाने किरकोळ, पण नियमांचा अत्यंत पक्का आणि वादाला कायम तयार. त्याने आधी एकदा प्रयत्न करून पाहिला होता. 4 सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये कब्ज आणि पायरेट्स 0-0 वर दहाव्या इनिंगमध्ये होते. दोन आउट, पायरेट्सचे रनर तिन्ही बेसवर, चीफ विल्सनचा फटका, रन आला. पहिल्या बेसवरचा वॉरन गिल दुसऱ्या बेसपर्यंत गेलाच नाही. एव्हर्सने चेंडू मागवला, बेसला पाय लावला आणि अंपायरकडे आउट मागितला. त्या दिवशी अंपायर एकच होता आणि तो होता हँक ओ'डे. आपण तो प्रसंग पाहिला नाही असं सांगून त्याने मागणी फेटाळली. कब्जने लीगचे अध्यक्ष हॅरी पुलियम यांच्याकडे तक्रार नेली. तीही फेटाळली गेली आणि पायरेट्सचा 1-0 विजय कायम राहिला.

सर, माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणाची मेख इथे आहे. 4 ते 23 सप्टेंबर म्हणजे 19 दिवस. नियमाचा प्रश्न लीगच्या अध्यक्षांच्या टेबलावर लेखी आलेला होता. कब्जची तक्रार फेटाळली हे एकवेळ ठीक, कारण अंपायरने जे पाहिलं नाही ते त्याच्याकडून वदवून घेता येत नाही. पण त्याच दिवशी आठही संघांना एक साधं परिपत्रक जायला हवं होतं: यापुढे विजयी फटक्यावरही प्रत्येक रनरने पुढच्या बेसला पाय लावायचा, नाहीतर आउट दिला जाईल. चार ओळींचं काम. ते झालं असतं तर जायंट्सच्या जॉन मॅग्रॉसारख्या काटेकोर व्यवस्थापकाने आपल्या संघाकडून ते घोकून घेतलं असतं आणि मर्कलचं नाव आज फक्त आकडेवारीत सापडलं असतं. जी रीत वर्षानुवर्षं चालू दिली ती मोडायची, तर आधी सगळ्यांच्या कानावर घालायची, हे आम्ही गावोगावच्या शालेय स्पर्धांतही पाळतो. सामन्याआधी होम प्लेटपाशी दोन्ही कर्णधारांना बोलावून मैदानाचे नियम सांगतो ते याचसाठी.

ओ'डेने मात्र त्या 19 दिवसांत विचार केलेला दिसतो. 23 तारखेला अंपायर दोन होते. ओ'डे प्लेटमागे, एम्सली बेसजवळ. अंपायरच्या नजरेने हा खेळ बघा. पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर रनर, दोन आउट, चेंडू सेंटर फिल्डला. आजच्या दोन अंपायरांच्या पद्धतीत बेस अंपायरने बॅटरचा पाय पहिल्या बेसला लागतो का ते बघायचं आणि मग वळून पहिल्यावरून निघालेल्याचा पाय दुसऱ्याला लागतो का ते बघायचं. प्लेट अंपायरने होम प्लेट सांभाळायची. एम्सली जमिनीवर पडला होता. उठून त्याने ब्रिडवेलला पहिल्या बेसवर जाताना पाहिलं आणि तेवढ्यात दुसरा बेस त्याच्या हातून निसटला. ओ'डेने मॅकॉर्मिकचा पाय प्लेटला लागलेला पाहिला आणि तिथेच न थांबता मान वर करून दुसऱ्या बेसकडे नजर नेली. पिट्सबर्गचा दिवस झाला नसता तर त्याने ती नेली असती असं मला वाटत नाही. एम्सलीने त्याला विचारलं, तेव्हा मर्कल दुसऱ्या बेसपर्यंत गेलाच नाही असं ओ'डेने सांगितलं. त्यावर एम्सलीने आउट दिला आणि ओ'डेने रन रद्द केला. दोघांमधली ही विचारणा फार मोलाची आहे. जे आपण पाहिलं नाही ते सहकाऱ्याला भर गर्दीत विचारायला धीर लागतो.

चेंडूचं काय झालं, यावर शेकडो पानं लिहिली गेली आहेत. सेंटर फिल्डमधून सॉली हॉफमनने चेंडू आत फेकला. एव्हर्स हात वर करून ओरडत होता. जायंट्सचा जो मॅकगिनिटी त्या वेळी तिसऱ्या बेसजवळ कोच म्हणून उभा होता. काय चाललंय हे त्याने ओळखलं, झटापट करून चेंडू मिळवला आणि प्रेक्षकांत भिरकावून दिला. थोड्या वेळाने एव्हर्स हातात एक चेंडू घेऊन दुसऱ्या बेसवर उभा होता. तो तोच चेंडू होता की दुसराच, यावर साक्षींचा कधीच मेळ बसला नाही. कब्जच्या मते तोच, जायंट्सच्या मते भलताच.

मी स्वतः या वादात फारसा अडकत नाही. बॅटिंग करणाऱ्या संघाच्या कोचने जिवंत चेंडू पकडून गर्दीत फेकला, तर त्याने बचाव करणाऱ्या संघाच्या खेळात सरळ अडथळा आणला. अशा अडथळ्यामुळे होऊ घातलेला आउट हुकला असेल तर अंपायरने तो आउट द्यायचा. एव्हर्सच्या हातात कुठलाही चेंडू असो, मर्कल त्या अडथळ्यावर आउट ठरतो. मॅकगिनिटीने आपल्या संघाला वाचवायला जे केलं त्यानेच न्यूयॉर्कची बाजू लंगडी झाली, आणि आश्चर्य म्हणजे त्याच्याबद्दल फार कमी लोक बोलतात.

तोवर मैदानात माणसंच माणसं होती आणि अंधार पडत आला होता. दहावी इनिंग खेळवणं शक्य नव्हतं, म्हणून सामना 1-1 बरोबरीत सुटल्याचं ठरलं. कब्जने आणखी पुढे जाऊन, यजमानांनी मैदान मोकळं करून दिलं नाही म्हणून सामना आम्हालाच बहाल करा, अशी मागणी केली. जायंट्सचं म्हणणं, आम्ही 2-1 जिंकलो. पुलियम यांनी आपल्या अंपायरची बाजू घेतली. दोन्ही संघ लीगच्या संचालक मंडळाकडे गेले आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सिनसिनाटीत बसून मंडळाने निकाल दिला: सामना बरोबरीचाच धरायचा आणि गरज पडल्यास 8 ऑक्टोबरला पुन्हा खेळवायचा. त्याच निकालात मर्कलच्या अक्षम्य बेपर्वाईवर ठपका ठेवला. हे वाचताना मला आजही चीड येते. ज्यांनी 19 दिवसांत एक पत्रक काढलं नाही त्यांनी 19 वर्षांच्या मुलाला बेपर्वा ठरवलं.

गरज पडलीच. जायंट्स आणि कब्ज दोघेही 98 विजय आणि 55 पराभवांवर थांबले. पायरेट्स 98-56 वर, अर्ध्या सामन्याने मागे. ही वेळ जायंट्सवर का आली हेही मुलांना सांगा. मर्कलच्या प्रसंगानंतर फिलाडेल्फियाच्या हॅरी कोव्हलेस्की या नवख्या पिचरने पाच दिवसांत जायंट्सला तीनदा हरवलं. त्यातला एक सामना जायंट्सने जिंकला असता तर 8 ऑक्टोबरचा सामना लागलाच नसता. विजेतेपद एका पावलाने गेलं असं म्हणणाऱ्यांनी ही तीन पराभवांची पानं उलटून पाहावीत.

8 ऑक्टोबरला पोलो ग्राउंड्सवर इतकी गर्दी लोटली की लोक मैदानालगतच्या उंचावरच्या रेल्वेमार्गावर चढून सामना बघत होते. फीस्टर पहिल्याच इनिंगमध्ये डळमळला, तेव्हा व्यवस्थापक-खेळाडू फ्रँक चान्सने मॉर्डकाय ब्राउनला आणलं. लहानपणी शेतातल्या यंत्रात त्याचं बोट गेलं होतं आणि त्या मोडक्या हातातूनच त्याचा चेंडू विलक्षण वळायचा. मॅथ्यूसन थकलेला होता. तिसऱ्या इनिंगमध्ये टिंकरने सेंटर फिल्डरच्या डोक्यावरून चेंडू मारला आणि कब्जने 4-2 असा सामना जिंकला. त्या सामन्याचे अंपायर बिल क्लेम आणि जिम जॉनस्टोन यांना लाच देऊ पाहण्याचाही प्रकार झाला. दोघांनी ती धुडकावली आणि लीगला कळवलं. पुढे कब्जने डेट्रॉइट टायगर्सला हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, जिंकली. त्यानंतर त्यांनी ती पुन्हा जिंकली ती थेट 2016 साली.

पुलियम यांच्यावर न्यूयॉर्कमधून टीकेचा भडिमार झाला. त्यांची प्रकृती ढासळत गेली आणि जुलै 1909 मध्ये त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्यांच्या मनात काय होतं ते कोणी सांगू शकत नाही, त्यामुळे या सामन्याशी त्याचा थेट संबंध लावणं मी टाळतो. तुम्हीही टाळा, विशेषतः मुलांसमोर.

आता मर्कल. जॉन मॅग्रॉने त्याला एका शब्दाने दोष दिला नाही. संघात ठेवलं आणि 1910 पासून पहिला बेस त्याच्याकडे सोपवला. 1911 मध्ये त्याने 49 बेस चोरले, म्हणजे फटका बसण्याची वाट न बघता धावून पुढचा बेस गाठला. ज्याला डोकं नाही असं लोक म्हणत होते त्याचे हे आकडे आहेत. बेस चोरायला पाय लागतात त्याहून जास्त अक्कल लागते. पिचरच्या खांद्याची हालचाल वाचता आली नाही तर कितीही वेगवान माणूस आउट होतो. जायंट्सकडून तीन, ब्रुकलिनकडून एक आणि शिकागोकडून एक अशा पाच वर्ल्ड सिरीज तो खेळला. पाचही त्याचा संघ हरला आणि दरवेळी लोकांनी तेच नाव काढलं. निवृत्तीनंतर तो फ्लोरिडात राहिला आणि बराच काळ बेसबॉलपासून दूरच होता. 1950 मध्ये जुन्या खेळाडूंच्या मेळाव्यासाठी जायंट्सने त्याला पोलो ग्राउंड्सवर बोलावलं तेव्हा प्रेक्षकांनी त्याचं टाळ्यांनी स्वागत केलं. 1956 मध्ये तो गेला. ब्रिडवेलने म्हातारपणी सांगून ठेवलंय की तो फटका मारण्यापेक्षा मी स्ट्राइक आउट, म्हणजे चेंडू न मारताच बाद, झालो असतो तर बरं झालं असतं, म्हणजे मर्कलच्या वाट्याला हे आलं नसतं.

तेव्हा तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: नाही, मुळीच नाही. मुलांना हा प्रसंग सांगताना ‘मर्कलची घोडचूक’ म्हणू नका. नियम सांगा, रीत सांगा, पिट्सबर्गचा 4 सप्टेंबर सांगा आणि मग त्यांनाच विचारा की तुम्ही त्या जागी असता तर काय केलं असतं.

सरावासाठी एक सुचवतो. दोन आउट, पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर रनर, बरोबरीचा स्कोअर, शेवटची इनिंग, अशी स्थिती लावा. राखीव खेळाडूंना फाउल लाइनबाहेर उभं करा आणि फटका बसताच आरडाओरडा करत आत धावायला सांगा. पहिल्यावरच्या रनरने त्या गोंधळातून दुसऱ्या बेसवर पाय ठेवायचा आणि अंपायरने सामना संपल्याची खूण करेपर्यंत तिथून हलायचं नाही. सेकंड बेसवरच्या मुलाने चेंडू मागायचा. मुलांपैकी दोघांना अंपायर करा, एक प्लेटमागे आणि एक बेसजवळ, आणि शेवटी दोघांना वेगवेगळं विचारा: पाय लागला की नाही? जो नुसता होम प्लेटकडे बघत राहिला असेल त्याला सांगता येणार नाही. त्याला पुढच्या वेळी पुन्हा अंपायर करा.

आणि तुमची मुलं राज्य स्पर्धेला जातील तेव्हा सामन्याआधी अंपायरांना एक गोष्ट विचारून घ्या: विजयी रन झाल्यावर प्रेक्षक आत आले तर खेळ कुठे थांबवणार? अनुभवी अंपायर याचं उत्तर लगेच देईल. नवखा असेल तर तोही त्या निमित्ताने सहकाऱ्याशी बोलून ठरवून घेईल.